ग्रंथालयातला सिनेमा तासाला कसा शिकवावा

पहिल्यांदा मी वर्गात पूर्ण चित्रपट लावला, तेव्हा शेजारच्या सरांचा तास मागून घेऊन दोन तास जोडले होते. चित्रपट पावणेदोन तासांचा. चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली. ती आली, लॅपटॉप सुरू झाला, पुन्हा लॉगिन करावं लागलं, आणि तोवर दीडची एसटी गाठायची म्हणून निम्मा वर्ग दप्तरं आवरून उठला. दुसऱ्या दिवशी एका मुलानं व्हरांड्यात गाठून विचारलं, "सर, शेवटी त्या बाईचं काय झालं?" मी तोंडी सांगितलं. चित्रपट त्याला देता आला नाही, कारण ती लिंक फक्त माझ्याच लॉगिनवर उघडत होती.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. वर्गात फक्त सात-आठ मिनिटांचा तुकडा दाखवायचा, आणि पूर्ण चित्रपट प्रत्येक मुलाला आपल्या सोयीनं पाहता येईल अशी व्यवस्था ग्रंथालयाकडून आधीच करून घ्यायची. शहादा, शिरपूर, चोपडा, नवापूर इथून रोज येजा करणाऱ्या मुलांना शिकवायचं तर मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

आधी ग्रंथपालांकडे

सुरुवात गुगलपासून नको, ग्रंथपालांपासून करा. विद्यापीठांची ग्रंथालयं जशी ई-जर्नल घेतात, तसे चित्रपट आणि माहितीपटही घेतात. जगभरात त्यासाठी कॅनॉपी, अलेक्झांडर स्ट्रीट अशा सेवा वापरात आहेत. पैसे ग्रंथालय भरतं, विद्यार्थी महाविद्यालयाच्या ओळखीवर लॉगिन करून पाहतो. काही चित्रपट कायमचे घेतलेले असतात, पण पुष्कळांची मुदत एक किंवा तीन वर्षांची असते. म्हणून गेल्या वर्षी दाखवलेला चित्रपट यंदा जागेवर असेलच असं धरून चालू नका. वेळापत्रक हातात आलं की मी दर जूनमध्ये माझ्या यादीतली एकेक लिंक उघडून बघतो.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. महाविद्यालयाला एन-लिस्ट आहे, किंवा संस्था 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये आहे, म्हणजे चित्रपटही आलेच, असं बरेच प्राध्यापक समजतात. एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची योजना. तिच्यातून महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि जर्नल मिळतात. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' हीसुद्धा संशोधनाच्या जर्नलांसाठी आहे. चित्रपटांची वर्गणी वेगळी भरावी लागते. दुसरी गोष्ट, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं संलग्न आहेत. पण कोणतंही विद्यापीठ घ्या, त्याच्या ग्रंथालयानं घेतलेली सेवा संलग्न महाविद्यालयांना आपोआप लागू होत नाही. करारात कोण कोण येतं, हे विचारूनच घ्यावं लागतं.

ग्रंथपाल मॅडमकडे मी जातो तेव्हा प्रश्न कागदावर लिहून नेतो. ही सेवा आमच्या महाविद्यालयाच्या मुलांना आहे का? घरून उघडते, की फक्त कॅम्पसच्या वायफायवर? एका वेळी किती जण पाहू शकतात? वर्गात पडद्यावर दाखवायची परवानगी करारात आहे का? मुदत कधी संपते? यातला तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि नेमका तोच नडतो. काही करारांत एका चित्रपटाला एका वेळी मोजकेच प्रेक्षक चालतात. साठ मुलांना "आज रात्री बघून या" म्हणून सांगितलं, तर बहुतेकांना लाल अक्षरातली सूचनाच दिसणार. अशा वेळी वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा वार द्या.

हवा तो चित्रपट ग्रंथालयाकडे नसेल, तर तोंडी सांगून भागत नाही, अर्ज द्या. अर्जात चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक, साल, कोणत्या पेपरच्या कोणत्या घटकासाठी हवा, विद्यार्थी किती, कोणत्या महिन्यात लागेल आणि सबटायटल कोणत्या भाषेत हवेत, एवढं असलं की ग्रंथपालांना तो समितीपुढे ठेवता येतो. निदान दीड-दोन महिने आधी द्या.

कायदा काय म्हणतो

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यातलं कलम ५२ शिक्षकांच्या बाजूचं आहे. त्यातल्या (१)(जे) या पोटकलमानुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला, आणि प्रेक्षक संस्थेतले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. वर्गात दाखवायला मोकळीक आहे. गणेशोत्सवात गावकऱ्यांसाठी मैदानात पडदा लावला, तर ही मोकळीक उरत नाही.

पण कायद्याच्या जोडीला करारही असतो. ग्रंथालयाच्या सेवेच्या अटी कायद्यापेक्षा कडक असू शकतात, आणि सही केली म्हणजे त्या पाळायच्या. आपलं घरचं नेटफ्लिक्स खातं हे घरगुती वापरासाठी दिलेलं असतं, ते वर्गात उघडू नका. नेटफ्लिक्सच्याच काही निवडक माहितीपटांना शैक्षणिक ठिकाणी एकदा दाखवायची परवानगी आहे, आणि ती त्या माहितीपटाच्या तपशिलात लिहिलेली असते. तिथे वाचून मगच ठरवा.

स्क्रीन रेकॉर्ड करून किंवा कुठल्या सॉफ्टवेअरनं उतरवून घेऊन फाइल व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं, हे मात्र कधीच करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूनं असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिवाय सेवेनं खातं बंद केलं, तर सगळ्या महाविद्यालयाचा चित्रपट बंद होतो. ग्रुपवर लिंकच द्या, फाइल नको. पासवर्ड तर मुळीच नको.

तुकडा निवडताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी चित्रपट आधी पूर्ण पाहतो, कागद-पेन घेऊन, आणि जिथे मला स्वतःला थांबावंसं वाटतं तिथली मिनिटं-सेकंदं लिहितो. दुसऱ्यांदा फक्त त्या जागा पाहतो. तिसऱ्यांदा स्वतःला एक प्रश्न विचारतो: हे पुस्तकातल्या परिच्छेदानं शिकवता आलं नसतं का? आलं असतं, तर तो तुकडा सोडून देतो. बोलताना माणूस कुठे अडखळतो, कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, बोलणाऱ्याच्या मागे भिंतीवर काय टांगलंय, असलं काहीतरी ज्या तुकड्यात आहे तोच कामाचा.

बऱ्याच सेवांत संवादांचा लेखी मजकूर बाजूला दिसतो. त्यात शब्द टाकून शोधता येतं आणि त्या ओळीवर टिचकी मारली की चित्रपट तिथे जाऊन उभा राहतो. दोन तासांच्या माहितीपटात 'पुनर्वसन' शोधायला यामुळे अर्धं मिनिट पुरतं. काही ठिकाणी सुरुवातीची आणि शेवटची वेळ देऊन क्लिप करता येते, तिची वेगळी लिंक मिळते. अशा तीन-चार क्लिपा ओळीनं लावून ठेवल्या की तासाला शोधाशोध करावी लागत नाही. मात्र क्लिपच्या लिंकसोबत पूर्ण चित्रपटाची लिंकही मुलांना द्या. तुकड्यावरून दिग्दर्शकाबद्दल मत बनवायची सवय लागू नये.

लिंकबद्दल एक बारकावा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलून पाठवला, तर तो तुमच्या लॉगिनपुरता असू शकतो आणि मुलांच्या मोबाइलवर उघडत नाही. चित्रपटाच्या पानावर 'शेअर' किंवा 'परमालिंक' असं बटण असतं, तिथला पत्ता घ्या. मग तो स्वतःच्या फोनवर, कॉलेजचं वायफाय बंद करून, लॉगआउट होऊन उघडून पाहा. संस्थेचं नाव निवडायचं पान आलं, नाव यादीत सापडलं आणि चित्रपट सुरू झाला, तरच मुलांना पाठवा. ही तपासणी केली नाही, तर रात्री नऊ वाजता चाळीस मेसेज येतात, आणि ज्या मुलाकडे दोन तास मागून आणलेला फोन होता, त्याची ती संध्याकाळ वाया जाते.

अंधार आणि आवाज

खोली आदल्या दिवशी बघून घ्या. आमच्याकडे मार्च-एप्रिलात दुपारी बाराला पडद्यावर उजेड इतका येतो की रात्रीची दृश्यं नुसती काळी दिसतात. चित्रपटाचा तास सकाळी पहिला किंवा दुसरा मागून घ्या. खिडक्यांना जाड कापड लावता येत नसेल, तर पडदा खिडकीच्या भिंतीवर घ्या, समोरच्या नको.

आवाजाचं दुखणं त्याहून मोठं. पाच पंखे पूर्ण वेगानं फिरत असतात आणि उन्हाळ्यात ते बंद करा असं म्हणता येत नाही. स्पीकर टेबलावर ठेवून मोठा केला की पहिल्या बाकाचे कान किटतात आणि शेवटच्या बाकाला कळत नाही. आमच्या शिपाई नानांनी सुचवलेला उपाय मी तेव्हापासून करतो: लांब वायर घेऊन स्पीकर वर्गाच्या मधोमध, तिसऱ्या-चौथ्या बाकाजवळ स्टुलावर ठेवायचा. आवाज निम्मा ठेवला तरी सगळ्यांना ऐकू जातो.

प्रोजेक्टर जुना असेल, आणि एचडीएमआय ते व्हीजीए असा जोड लावत असाल, तर चित्रपट सुरू होऊनही पडदा काळाच राहतो असं होऊ शकतं. लॅपटॉप बिघडलेला नसतो. काही सेवांचं कॉपी-संरक्षण अशा जोडातून चित्र जाऊ देत नाही. ऑनलाइन तासाला स्क्रीन शेअर केल्यावर मुलांना काळा चौकोन दिसतो, त्याचंही कारण बहुधा हेच. तिथे उपाय एकच, लिंक देऊन सगळ्यांना आपापल्या फोनवर एकाच वेळी तो तुकडा पाहायला सांगणं. आणि लाइट जाणारच आहे असं समजून त्या तुकड्यातली दोन-तीन वाक्यं आणि दृश्याचं वर्णन एका कागदावर लिहून ठेवा. लाइट गेली तर त्यावरच तास होतो, आणि चांगला होतो.

प्रत्यक्ष तास

आमचा तास ४८ मिनिटांचा. समाजशास्त्राच्या 'विकास आणि विस्थापन' या घटकासाठी मी दोन तुकडे जोडीनं घेतो. एक फिल्म्स डिव्हिजनचा धरणावरचा जुना वृत्तपट. ही सरकारी संस्था १९४८ ची, आणि पन्नास-साठच्या दशकांत धरणं, कारखाने, कालवे यांवर तिनं भरपूर काम केलं. दुसरा आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या 'अ नर्मदा डायरी' या १९९५ च्या माहितीपटातला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलं पहिलं गेलेलं गाव मणिबेली, ते अक्कलकुवा तालुक्यातलं. तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर त्या काळातले कागद आणि बातम्या वाचताना मुलं गोंधळतात.

पहिली पाच मिनिटं पडदा बंद. फळ्यावर एकच काम लिहितो: "कोण बोलतं आणि कोण नुसतं दिसतं, ते मोजा." 'दिग्दर्शकाचा दृष्टिकोन सांगा' असा प्रश्न दिला की मुलं गाईड आठवतात. मोजायला सांगितलं की ती पडद्याकडे बघतात.

मग वृत्तपटाचा चार मिनिटांचा तुकडा, आवाज पूर्ण बंद करून. पहिलं मिनिट चुळबुळ होते, मग वर्ग शांत होतो. आवाज नसला की नजर कामाला लागते. दुसऱ्यांदा तोच तुकडा आवाजासह. निवेदन इंग्रजीत असेल तर सबटायटल लावतो आणि वेग पाऊणपट करतो. एकदा मागच्या बाकावरून हळूच आवाज आला होता, "सर, हाऊ काय सांगी राह्यना?" घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला आधी प्रमाण मराठी आणि मग इंग्रजी, असे दोन उंबरे ओलांडायचे असतात. म्हणून तासाआधी आठ-दहा शब्द मराठी अर्थासह फळ्यावर लिहितो, आणि प्रश्नांचा कागद मराठीत देतो. उत्तर अहिराणीत आलं तर ते तसंच फळ्यावर घेतो.

त्यानंतर दुसरा तुकडा, त्याच पद्धतीनं, आणि मग वीस मिनिटं बोलणं. एका वर्षी मोजणी फळ्यावर आली तेव्हा मुलांच्याच लक्षात आलं की पहिल्या तुकड्यात माणसं दुरून, यंत्रांच्या बाजूला दिसत होती आणि एकालाही नाव नव्हतं. नवापूरकडची एक मुलगी उठली. तिच्या आजोबांचं शेत उकाईच्या पाण्याखाली गेलं होतं. तापीवरचं ते धरण १९७२ चं, गुजरातेतलं, पण त्याच्या फुगवट्याचं पाणी आपल्या हद्दीत येतं. ती म्हणाली, "आजोबा अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की विहिरीचा काठ बघायला जातात." पुढची पाच मिनिटं मी काही शिकवलं नाही, आणि शिकवायची गरजही नव्हती.

पण ती आपणहून बोलली, हे महत्त्वाचं. आदिवासी मुलाकडे वळून "तुमच्याकडे असंच असतं ना?" असं कधीही विचारू नका. त्यानं साऱ्या समाजाचा प्रवक्ता व्हावं, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय आहे. पडद्यावर पोलिसांचा मार, मृत्यू, घर पाडणं असं काही येणार असेल तर आदल्या तासाला स्पष्ट सांगा, आणि ज्याला बघायचं नाही त्याला त्याच विषयावरचा लेख वाचायला द्या. कारण विचारू नका.

शेवटची पाच मिनिटं लिहिण्याची. प्रत्येकानं एक दृश्य आणि त्याची वेळ लिहून द्यायची, आणि ते दृश्य का निवडलं हे चार ओळींत सांगायचं. हजेरी याच कागदांवरून लावतो.

घरी पाहताना

साध्या प्रतीच्या चित्राला तासाला साधारण पाऊण ते एक जीबी डेटा जातो, एचडीला त्याच्या तिपटीपर्यंत. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मुलाला एचडीत पूर्ण चित्रपट पाहता येणारच नाही. चित्राची प्रत ४८० किंवा ३६० वर कशी ठेवायची, हे वर्गात एकदा फोन हातात घेऊन दाखवा. धडगाव, तोरणमाळकडच्या काही मुलांना घरी रेंजच नसते. त्यांच्यासाठी ग्रंथालयात हेडफोनसह दोन संगणक आठवडाभर राखून ठेवायची विनंती करा, आणि वेळ एसटीच्या वेळा बघून ठरवा. चित्रपट पाहायला दहा दिवस द्या, दोन नकोत.

असाइनमेंटमध्ये चित्रपटाचा उल्लेख पुस्तकासारखाच काटेकोर हवा: नाव, दिग्दर्शक, साल, कोणत्या सेवेवर पाहिला आणि दृश्याची वेळ, उदाहरणार्थ १२:४० ते १४:०५. वेळ लिहायची सक्ती केली की नुसता सारांश उतरवून आणणारे आपोआप चित्रपटाकडे वळतात.

वर्गणी नसेल तर

आपल्या भागातल्या बऱ्याच महाविद्यालयांत आज अशी वर्गणी नाही, तरी काम अडत नाही. फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं आहे, आणि त्यांचे अनेक माहितीपट इंटरनेटवर अधिकृतपणे पाहता येतात. पीएसबीटी, म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट, या संस्थेचे माहितीपट यूट्यूबवर आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर विनामूल्य दिसतात, त्यामुळे रेंज नसलेल्या गावालाही चालतात.

शिवाय जुने चित्रपट आहेत. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. त्यांच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्या चित्रपटाची मुदत २०१३ अखेर संपली. अमळनेरच्या मुलांना पुस्तकातलं एक प्रकरण आणि पडद्यावरचा तोच प्रसंग शेजारी ठेवून शिकवा, माध्यमांतर म्हणजे काय ते एका तासात कळतं. आपण वापरतो ती प्रत ज्या संकेतस्थळावर आहे त्याच्या अटी तेवढ्या पाहून घ्या.

सत्र संपलं की ग्रंथपालांना एक पानभर टिपण द्या: कोणता चित्रपट, किती मुलांनी पाहिला, लिंक कुठे अडली, पुढच्या वर्षी काय हवं. सेवेकडून त्यांना वापराचे आकडे मिळतात, पण त्या आकड्यांमागे कोणता पेपर होता आणि मुलांनी काय लिहिलं, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. मी त्या टिपणाला मुलांचे चार-पाच कागद जोडतो आणि जानेवारीतच नेऊन देतो, म्हणजे पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी ते ग्रंथालय समितीच्या टेबलावर असतात.